भातात उभा चमचा

जेवणाऱ्या लेकरांसमोर हाताची घडी घालून उभी राहणारी माणसं मला सहन होत नाहीत. ‘कशी पोटभर जेवतायत बघा, समाधान वाटलं,’ असं ती एकमेकांना सांगतात आणि त्यांचे डोळे पाणावतात. अरे, जेवतायत म्हणजे काय आकाशात उडतायत? तुमच्या घरी पोरं जेवत नाहीत? त्यांच्यासमोर जाऊन उभे राहा की अर्धा तास, टक लावून. ताट फेकून मारतील.

सांगलीहून आष्ट्याकडं जाणाऱ्या रस्त्याला मुलींचं एक बालगृह आहे. चाळीसेक मुली. कुणाला आई नाही, कुणाला बाप नाही, कुणाला दोन्ही आहेत पण असून नसल्यासारखे. दर शनिवारी मी तिथं इंग्रजी शिकवायला जाते. फुकट. हा शब्द मुद्दाम लिहिला, कारण फुकट काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यात थोडी हवा असतेच आणि माझ्या डोक्यात ती चांगली भरलेली होती.

मी मूळची वडूजकडची. आमच्या भागात पाणी कमी आणि ताव जास्त. वडील फौजेत होते, त्यामुळं घरात आवाज चढवूनच बोलायची पद्धत. शिक्षिका झाले, आणि तिशीत एका करारावर दक्षिण कोरियातल्या एका लहान गावी प्राथमिक शाळेत इंग्रजीची सहायक म्हणून गेले. निघताना गावातल्या एका चुलत्यांनी विचारलं, “कोरिया म्हंजी त्यो बाँबवाला?” म्हटलं, “न्हाई तात्या, त्यो दुसरा.” तीन वर्षांनी परत आले तरी त्यांची खात्री पटलेली नव्हती. बालगृहातल्या मुलींनी मात्र पहिल्याच दिवशी माझं नाव ठेवलं, ‘कोरियाच्या बाई’.

आता रागाचं कारण सांगते.

बालगृहाच्या भिंतीवर एक फळा आहे. एरवी त्यावर सुविचार असतो. पितृपक्ष आला की सुविचार पुसतात आणि तिथ्या लिहितात. प्रतिपदेपासून अमावस्येपर्यंत, आणि प्रत्येक तिथीपुढं त्या दिवशी जेवण देणाऱ्या घराचं नाव. ज्याच्या घरचं माणूस ज्या तिथीला गेलं, तो त्या तिथीला मुलींना जेवू घालणार. यात वाईट काय, असं तुम्ही म्हणाल. काहीच नाही. पंधरा दिवस खीर, वडे, गवारीची भाजी, अळूची वडी. पोरींची पोटं बिघडतात, पण ते जाऊ दे. अमावस्या झाली की फळ्यावर परत सुविचार आणि ताटात परत पाण्यासारखी आमटी, तेही जाऊ दे.

पण जेवायच्या आधी काय होतं ते ऐका. सभागृहात समोर खुर्ची मांडतात. तिच्यावर गेलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो. मुली रांगेत मांडी घालून बसतात, ताटं वाढलेली असतात, हात मात्र लावायचा नाही. अधीक्षिका बाई नाव वाचतात. मग चाळीस मुलींनी एका सुरात म्हणायचं, “यांच्या आत्म्यास शांती लाभो.” मग घरच्यांचे फोटो. मोठ्या सुनेनं खीर वाढताना एक, धाकट्या सुनेनं वाढताना एक. एकदा एका बाईंनी वाढलेली खीर वाटीतून परत काढून घेतली आणि पुन्हा वाढली, कारण पहिल्या वेळी डोळे मिटले गेले होते. देवाशप्पथ सांगते, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काय केलं? काही नाही. शनिवारची पाहुणी मी. हसले आणि बाजूला झाले.

त्या मुलींमध्ये पाचवीतली एक होती. दहा वर्षांची, काटकुळी, कपाळावर जुन्या जखमेचा व्रण. ती जेवताना डावा हात ताटाभोवती असा गुंडाळून बसायची की ताटात काय आहे ते शेजारणीलाही दिसू नये. अधीक्षिका बाई म्हणायच्या, “हावरट आहे जरा.” ती हावरट नव्हती. तिला कुणी बघितलेलं नको होतं, एवढंच. हे मला फार उशिरा कळलं.

पितृपक्षातला पहिला शनिवार. मी वर्गातल्या फळ्यावर कुटुंबाचे शब्द लिहीत होते. फादर, मदर, सिस्टर. ही उठून उभी राहिली.

“बाई, एक इचारू?”

“विचार.”

“आमी रोज कुणाच्या ना कुणाच्या आईचं जेवतो. माजी आई कुठं जेवती?”

मी खडू खाली ठेवला. तिची आई तीन वर्षांपूर्वी तापानं गेली होती. बापानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि हिला इथं आणून सोडलं. पहिलीचं पान घरात वाढायचं नाही असं नवीन बायकोनं म्हटलं म्हणे, किंवा बापानंच आपलं तिच्या नावावर खपवलं. एकूण काय, त्या बाईला तीन वर्षांत कुणी एक घास ठेवला नव्हता.

“नवमीला अस्तंय तिचं,” पोर म्हणाली. “सवाष्ण गेल्याली ना. सैपाकाच्या मावशींनी सांगितलं.”

नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईचं पान नवमीला वाढतात, हे त्या पोरीनं स्वतः शोधून काढलं होतं. तिला चॉकलेट नको होतं, नवीन फ्रॉक नको होता. नवमीला आईसाठी एक पान, बस.

“वाढू आपण,” मी म्हटलं. “मी बघते.”

‘मी बघते.’ उचलली जीभ लावली टाळ्याला! हे दोन शब्द बोलायला माझ्या बापाचं काय जात होतं? आणि तिला धीर यावा म्हणून मी वर कोरियाची गोष्टही सांगितली.

तिकडंही पितरांचा सण असतो. गंमत म्हणजे तो बहुतेक आपल्या भाद्रपदातल्या पौर्णिमेलाच येतो, म्हणजे आपला पितृपक्ष लागतो तेव्हाच. पण ते लोक त्याला सुतक धरत नाहीत, सण म्हणतात. चुसॉक. नवीन तांदूळ आलेला असतो, सगळी माणसं आपापल्या गावी जातात, रस्ते तुंबतात, दुकानं बंद. घरोघरी टेबल मांडून मेलेल्यांना वाढतात आणि त्यांच्यासमोर कपाळ टेकतात. परगावच्या शिक्षकाला मात्र त्या तीन दिवसांत कुत्रंही विचारत नाही. शाळेनं मला भेट दिली होती, रेशमी कापडात बांधलेली सुरेख पेटी. मी हौसेनं उघडली तर आत डुकराच्या मांसाचे आठ डबे. आमच्या घरी मटण चालतं, पण हे माझ्याच्यानं होईना. ते डबे उचलले आणि तिथल्या एका बालगृहात गेले. तिथं आम्ही काही परदेशी शिक्षक अधूनमधून मुलांशी खेळायला जायचो.

सणाला ज्यांना कुणी न्यायला आलं नव्हतं अशी अकरा मुलं तिथं उरली होती. स्वयंपाकाच्या मावशी त्यांच्याकडून तांदळाच्या उकडीच्या अर्धचंद्रासारख्या वड्या करून घेत होत्या. आत तीळ आणि साखर, आणि खाली पाइनच्या सुया पसरून वाफवायचं. आपण हळदीच्या पानावर मोदक ठेवतो तसंच. मी बसले आणि सवयीनं करंजीसारखी मुरड घातली. मावशी हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मुरड त्यांनी जन्मात बघितली नव्हती. सगळ्या मुलांना मग मुरडच शिकायची होती. फार छान चाललं होतं आणि मी माती खाल्ली.

जेवणाची वेळ झाली. मी म्हटलं, भात मी वाढते. अकरा वाट्या भरल्या, आणि प्रत्येक वाटीत भातात चमचा रोवून उभा केला. आपल्याकडं नाही का भाताच्या पातेल्यात उलथनं रोवून ठेवतात? हाताला सापडतं. त्याच सवयीनं. वर मी स्वतःवर खूश, अकरा चमचे कसे ओळीत उभे!

मुलं गप्प झाली. मावशी आतून आल्या, त्यांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. धावत येऊन त्या एकेक चमचा उपटायला लागल्या. मला कुणीतरी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की भातात चमचा उभा फक्त मेलेल्या माणसासाठी रोवतात. जिवंत अकरा लेकरांना मी सणाच्या दिवशी मेलेल्यांचं ताट वाढलं होतं. भुई फाटून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

दहा चमचे निघाले. शेवटची वाटी एका सात वर्षांच्या मुलीची होती. तिनं दोन्ही हात वाटीभोवती धरले आणि चमचा काढू देईना. “ओम्मा,” एवढंच म्हणाली. त्यांच्या भाषेत आई. तिची आई त्याच वर्षी गेली होती आणि तिच्यासाठी कुणी टेबल मांडलेलं नव्हतं.

मावशी थांबल्या. कढई पुसायच्या फडक्यानं त्यांनी डोळे पुसले. मग टाळी वाजवली आणि सगळ्यांना भिंतीकडं तोंड करून उभं केलं. पोरांना, मदतनिसांना, मलाही. गेलेलं माणूस जेवत असताना बघत बसायचं नाही, पाठ करायची, नाहीतर ते संकोचतं आणि उपाशी जातं, अशी त्यांच्या घरची रीत. आम्ही सगळे भिंतीकडं तोंड करून उभे राहिलो. थोड्या वेळानं मावशी खोकल्या, आणि मग सगळे फिरले.

ही गोष्ट मी त्या शनिवारी मुलींना सांगितली. अगदी रंगवून. मुरडीला त्या खूप हसल्या. पाचवीतल्या त्या पोरीनं विचारलं, “चमचा पडला न्हाई?”

“नाही. तिकडचा तांदूळ चिकट असतो.”

एक गोष्ट मी गाळली. आजवर कुणालाच सांगितलेली नव्हती, इथं सांगते. सगळे भिंतीकडं वळले तेव्हा मी वळले नव्हते. मी फोन काढला होता. वाटीभोवती हात धरून बसलेली ती लेक, मागं खिडकीतला उजेड. किती छान फोटो येईल! मावशींनी माझ्या फोनवर आपला तळवा ठेवला. पण तोवर मी काढला होता. संध्याकाळी घरच्यांच्या ग्रुपवर टाकलाही. सगळ्यांनी हात जोडले, फुलं पाठवली. वडिलांनी तेवढं लिहिलं, “पोरीला इचारलंस का?” मला त्यांचाच राग आला होता.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. ती खीर परत काढून वाढणारी बाई आणि मी, यात फरक काय? तिनं निदान आपल्याच खिरीचा फोटो काढला.

असो. मुलींचा वर्ग सुटल्यावर मी अधीक्षिका बाईंच्या खोलीत गेले. म्हटलं, नवमीला एक पान जास्त वाढायचंय, गच्चीवर ठेवू, पाच मिनिटांचं काम.

“छे हो,” त्या म्हणाल्या. “नवमी आष्ट्याकडच्या घराची आहे. मोठी माणसं आहेत. त्यांच्या आईचं पान.”

“त्यांचं त्यांना राहू द्या की. हे वेगळं पान.”

“एका जागी दोन घरांची पानं चालत नाहीत.”

“कुणी सांगितलं?”

“पद्धत आहे.” मग जरा खालच्या आवाजात, “आणि बाई, एकीला दिलं की चाळीस जणी मागतील. मग रडारड. पाहुण्यांसमोर रडलेल्या चालतात का? तुम्ही शनिवारी येता, दोन तास गोड बोलता आणि जाता. आम्हाला आठवडा काढायचा असतो.”

मला एवढा राग आला की मी काही बोललेच नाही. खरं कारण वेगळं होतं. शेवटचं वाक्य बाईंनी बरोबर मारलं होतं. पोरीला मी काय सांगितलं? “बघू.” ‘बघते’चं ‘बघू’ झालं. मुलांना हा फरक लगेच कळतो. तिनं मान हलवली आणि दप्तर उचललं.

नवमीच्या दिवशी मी अर्धी रजा टाकून गेले. कशासाठी, ते मलाही नीट माहीत नव्हतं. पान तर वाढता येणार नव्हतं. वाटलं, तिच्याजवळ असावं.

दारात मोठी गाडी होती आणि गाडीपेक्षा मोठा फ्लेक्स. त्यावर गेलेल्या आजीपेक्षा तिच्या मुलाचा फोटो मोठा. मुलगा पन्नाशीचा, पांढराशुभ्र शर्ट, हातात दोन फोन. सोबत घरची आठदहा माणसं. आणि आजीचा नवरा, पंच्याऐंशीच्या पुढचे आबा, काठी टेकून पहिल्या खुर्चीत बसलेले. फौजेतून निवृत्त झालेला माणूस मला शंभर पावलांवरून ओळखू येतो, पाठीवरूनच.

फोटो मांडला. नाव वाचलं. आत्म्यास शांती म्हणून झाली. खिरीवर साय धरायला लागली. मुलगा रांगेसमोरून फोन धरून चालत होता, “हं, हसा गं जरा! काय सुतकात बसल्यासारख्या बसलाय?” अहो, पितृपक्षाचंच जेवण ना हे? मी दाताखाली जीभ दाबली.

“करा सुरू,” अधीक्षिका म्हणाल्या.

चाळीस हात ताटांकडं गेले. एक नाही गेला. पाचवीतल्या त्या पोरीनं झग्याच्या खिशातून एक चमचा काढला. चहाचा, स्टीलचा, दांडा वाकलेला. तिनं तो भातात रोवला. तो पडला. परत रोवला, परत पडला. केटररचा भात, सुटा, मोत्यासारखा, दिसायला सुंदर. तिनं खिरीची वाटी उचलली, खीर ताटात एका बाजूला ओतली, रिकाम्या वाटीत भात दाबून दाबून भरला आणि ताटात पालथी घातली. वाटी काढली. घट्ट मूद. तिच्यात चमचा रोवला, आणि तो उभा राहिला.

मग तिनं हात जोडले. डोळे मिटले नाहीत, चमच्याकडंच बघत होती.

“हे काय चाललंय?” मुलगा ओरडला. “अन्नाशी खेळतेस?”

अधीक्षिका बाई दोन ढांगांत पोचल्या. “कुणी शिकवलं हे? बोल!”

पोरीनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग खाली बघून म्हणाली, “कुणी न्हाई.”

माझ्यासाठी खोटं बोलली ती. दहा वर्षांची पोर, तिला मी ‘बघू’ म्हणून वाटेला लावलेलं, आणि ती मला वाचवत होती! माझ्या तोंडात कुणी मारली असती तरी एवढं लागलं नसतं. आणि सांगायला लाज वाटते, तरी मी दोन क्षण गप्पच उभी होते. अधीक्षिकांचा हात चमच्याकडं गेला तेव्हा कुठं माझ्या तोंडाला वाचा फुटली.

“हात लावू नका त्याला! मी शिकवलंय.”

सभागृहात सगळे माझ्याकडं बघायला लागले. मग मी जी सुटले, ती सुटलेच. आमच्या वडिलांचा आवाज माझ्या गळ्यातून निघत होता. “तिच्या आईचं पान आहे ते. नवमीच आहे ना आज? का नवमी पण तुम्ही विकत घेतलीय? रोज परक्यांच्या आत्म्याला शांती म्हणायला लावता या पोरींना, त्यांच्या स्वतःच्या आया काय वाऱ्यावर सोडल्यात? एक मूद भात मागितला होता तिनं. एक मूद! तर म्हणे पद्धत नाही. आणि तोंडापुढं फोन धरून हसा म्हणायची पद्धत आहे, होय?”

“मॅडम, आम्ही पुण्य करायला आलोय, तुमची भाषणं ऐकायला नाही,” मुलगा म्हणाला. “अपशकुन आहे हा. आईच्या फोटोसमोर असलं—”

“गप रं जरा,” आबा म्हणाले.

ते काठीवर भार देऊन उठले आणि पोरीच्या ताटासमोर येऊन उभे राहिले. “काय हाय गं ह्ये?”

“आईचं पान,” ती म्हणाली.

“आन् चमचा?”

तिनं परत माझ्याकडं बघितलं. मी आबांना थोडक्यात सांगितलं. तिकडं चमचा उभा केला की गेलेलं माणूस जेवतं. ते जेवताना बघायचं नाही. सगळ्यांनी पाठ करायची, नाहीतर ते उपाशी जातं.

आबांनी वळून खुर्चीवरच्या फोटोकडं बघितलं. हार घातलेली आजी, कपाळाला मोठं कुंकू.

“आमच्या मंडळीला जेवताना मी कवा बघितलंच न्हाई,” ते म्हणाले. “साठ वरसं संसार झाला. सगळ्यांचं झाल्यावर चुलीकडं तोंड करून बसायची आन् काय उरलं आसंल ते खायाची. कुणी आलं तर ताट झाकायची. काय खाती, किती खाती, मी कवा इचारलं न्हाई.” थांबून म्हणाले, “आन् आता तिचा फोटू मांडलाय आन् फुडं चाळीस पोरी बसीवल्यात बघायला. तिला घास जायाचा हाय व्हय?”

“आबा, चला, बसा तुम्ही,” मुलगा म्हणाला. “उन्हाचा त्रास होतोय तुम्हाला.”

“फिर तिकडं.”

“काय?”

“भितीकडं तोंड कर म्हनलं न्हवं! फिरा रं सगळी. आन् त्यो फोन घाल खिशात.”

पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाचा तो आवाज परेड ग्राउंडवरचा होता. आधी सुना फिरल्या. मग नातवंडं, मग केटररची वाढपी पोरं, हातात खिरीच्या बादल्या घेऊन. मुलगा लालबुंद झाला, पण फिरला. अधीक्षिका बाई फिरल्या, त्यांच्यासमोर कॅलेंडर आलं आणि त्या ते वाचायला लागल्या. आबांनी फोटोची खुर्ची स्वतः उचलून भिंतीकडं तोंड करून ठेवली. मग तेही फिरले, काठीवर दोन्ही हात ठेवून.

मग वाटीचा आवाज आला. शेजारच्या मुलीनं आपली वाटी रिकामी करून भात दाबायला घेतला होता. तिच्या पलीकडचीनं पण. चमचे नव्हते त्यांच्याकडं. एकीनं मुदीत वड्याचा तुकडा खोचला, एकीनं लिंबाची फोड, एकीनं केसातली पिन. सगळ्याच नाहीत. ज्यांना करायचं होतं त्यांनी. अधीक्षिका बाईंना वाटलं होतं तशा चाळीस जणी रडल्या नाहीत, एकही रडली नाही. कामात होत्या.

रडत होते ती मी. मी डोळे भरून ते बघत होते. उभा चमचा, त्याच्यामागं ते काटकुळं पोर. आज पहिल्यांदाच तिचा डावा हात ताटाभोवती नव्हता, मांडीवर होता. मला वाटत होतं, हे मी केलं. खोटं कशाला सांगू, अगदी तसंच वाटत होतं. आता हे कुणाकुणाला सांगायचं, कसं सांगायचं, त्याची जुळवाजुळवही मनात सुरू झाली होती.

तेव्हा तिनं मान वर केली. सभागृहात तिच्याकडं तोंड करून उभं असलेलं माणूस आता एकच उरलं होतं.

“बाई,” ती हळूच म्हणाली, “तुमीबी फिरा की. आई जेवंना झालीया.”